तीनशे किलोमीटरची सायकल शर्यत घरात बसून कशी पाहावी

सायकल मी शेवटची चालवली ती नववीत, तीही तासावर भाड्याने आणलेली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी मला गिअर आणि टायरबद्दल विचारणार नाही. पण २०१३ पासून इटलीतली मिलान–सान रेमो ही सायकल शर्यत मी एकदाही चुकवलेली नाही. मार्चमधल्या त्या एका दिवशी आमच्या ठाण्यातल्या पाचपाखाडीच्या घरात दुपारी अडीचपासून रात्री साडेनऊ-दहापर्यंत टीव्हीवर सायकली पळत असतात, आणि घरची कामंही त्याच वेळात उरकतात. कशी, ते सांगते.

वेड मुळात मुलाचं. कॉलेजात असताना पहाटे पाचला उठून येऊरला सायकलवर जायचा. आता तो नोकरीला बंगळुरूला, सायकल गॅलरीत, तिच्या हँडलवर फडकी वाळतात, आणि शर्यत तेवढी माझ्याकडे राहिली. २०१३ ला त्याच्या खांद्यावरून लॅपटॉपमध्ये डोकावले तेव्हा पडद्यावर नुसतं बर्फ होतं. डोंगराच्या अलीकडे शर्यत थांबवली, सगळ्यांना बसमध्ये बसवलं आणि पलीकडे नेऊन पुन्हा सोडलं. मी म्हटलं, "अरे, हे तर बसने चाललेत! अशी शर्यत मीही जिंकेन." मग तो जे समजावत बसला ते रात्रीपर्यंत. गेराल्ड चोलेक नावाचा जर्मन मुलगा जिंकला, ज्याचं नाव त्या दिवशी कुणाच्या तोंडी नव्हतं. मला तेव्हाच आवडली ही भानगड.

आधी वेळेचं. शर्यत हल्ली शनिवारी असते, साधारण वीस मार्चच्या आसपास. तेव्हा इटली आपल्या साडेचार तास मागे असते. त्यांचे सकाळचे दहा म्हणजे आपले दुपारचे अडीच. सहा-सव्वासहा तासांत, वारा विरोधात असला तर सात तासांत शर्यत संपते, म्हणजे आपल्याकडे साडेआठ ते साडेनऊ. मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं एक तास पुढे सरकतात आणि फरक साडेतीन तासांवर येतो. म्हणून एप्रिलमधल्या बेल्जियम-फ्रान्सच्या शर्यतींना हेच गणित लावलंत तर तासाभराने चुकाल. मी एकदा चुकले आहे. कोणत्या वाहिनीवर किंवा कोणत्या ॲपवर लागते ते शुक्रवारीच शोधून, लावून बघून ठेवा. शनिवारी दुपारी पासवर्ड आठवत बसू नका.

आता लोक हमखास विचारतात तो प्रश्न: सात तास सायकली काय बघायच्या? तर सात तास डोळे लावून बसायचंच नाही. पूर्वी घरात कसोटी सामन्याची कॉमेंट्री चालू असायची, आणि कुणी बाद झालं की माणसं हातातलं काम टाकून रेडिओपाशी यायची, तसं हे. पण नुसतं शेवटचं दहा मिनिटं लावलंत तरी काही कळणार नाही. कारण ही शर्यत ज्या टेकडीवर ठरते ती टेकडी अगदी किरकोळ आहे. पोज्जो तिचं नाव. ३.७ किलोमीटर लांब, आणि शंभर मीटर पुढे गेलं की जेमतेम चार मीटर वर. सगळी मिळून उंची घोडबंदर रोडवरच्या एखाद्या पंचेचाळीस मजली टॉवरएवढी, तीही जवळजवळ चार किलोमीटरवर पसरलेली. आपल्या येऊरला रविवारी पोटं सुटलेले काकालोक याहून वाईट चढ चढतात.

मग एवढं काय त्यात? आमची इमारत जुनी, लिफ्ट नाही, घर तिसऱ्या मजल्यावर. सकाळी मी तेच जिने दोन-दोन पायऱ्या गाळून उतरायचे आणि विसरलेला डबा घ्यायला तशीच वरही यायचे. संध्याकाळी व्हीटीहून उभ्याने येऊन, स्टेशनबाहेर भाजी घेऊन त्याच जिन्याशी पोचले की पहिल्या मजल्यावर पिशवी खाली ठेवावी लागायची. जिना तोच. पोज्जो २८० किलोमीटरनंतर येतो. अंतराची कल्पना हवी असेल तर ठाण्याहून निघा, पनवेल, घाट, पुणं, सातारा मागे टाका आणि कराडला पोचा. एवढं एका दमात सायकलवर, आणि २०२४ ला सरासरी वेग ताशी ४६ किलोमीटरच्या वर. त्यानंतर जिना.

म्हणून ते लांबलचक रटाळ तास चालू राहू द्यायचे. तुमच्या डोळ्यांदेखत त्यांच्या पायातली एक-एक पायरी खर्ची पडत असते.

अडीचला सुरुवात. नाव मिलानचं असलं तरी २०२४ आणि २०२५ ला शर्यत निघाली पाविया गावातून. घणसोलीत फ्लॅट घेऊन मुंबईत राहतो म्हणण्यासारखंच. पहिल्या तासात पाच-दहा जण घोळक्यातून पुढे सुटतात. त्यांची नावं पाठ करू नका. ते जिंकणार नाहीत हे त्यांनाही ठाऊक असतं; त्यांच्या शर्टावरच्या कंपनीचं नाव दिवसभर टीव्हीवर दिसतं, तीच त्यांची कमाई. मागे घोळक्याच्या तोंडाशी मोठ्या संघांचे एक-दोन गडी येऊन बसतात आणि पुढच्यांचं अंतर जास्त वाढू देत नाहीत. पतंगाला ढील द्यावी तसं, पण मांजा हातात. ह्या गड्यांना शर्यतीच्या भाषेत डोमेस्टिक म्हणतात, मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थच घरगडी. एका संघात सात जण, पंचवीस संघ, म्हणजे पावणेदोनशे सायकलस्वार, आणि त्यातले निम्म्याहून जास्त दुसऱ्याला जिंकवायला आलेले. वारा अंगावर घ्यायचा, मागच्या गाडीतून पाण्याच्या बाटल्या आणून वाटायच्या, पुढाऱ्याचं चाक पंक्चर झालं तर आपलं काढून द्यायचं. सासूबाई त्यांना "घरातल्या मोठ्या सुना" म्हणतात. मी त्यावर काही बोलत नाही.

ह्या वेळात काय करायचं? कपाट आवरा, इस्त्री करा, मेथी निवडा. मी वर्षाचा मसाला ह्याच दिवशी निवडते. मिरच्यांची देठं काढायला मान वर करावी लागत नाही.

पाच-सव्वापाचला एकदा चहा घेऊन टीव्हीसमोर बसा. रस्त्याकडेची माणसं हात लांब करून कापडी पिशव्या धरून उभी असतात आणि हे चालत्या सायकलवरून त्या खेचून घेतात. ते बघायला मजा येते. तासाला नव्वद ग्रॅम, कधी त्याहून जास्त साखर पोटात जायला हवी, नाहीतर तीनशे किलोमीटर होत नाहीत. पिशवीत चिकट जेलच्या पुड्या असतात आणि भाताच्या चौकोनी वड्याही असतात. खरंच भाताच्या. चिकट भात, थोडा गोडवा, थापून कापलेला आणि कागदात गुंडाळलेला. मुलाने हे सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे नारळीभाताच्या वड्या की!" तेव्हापासून त्या दिवशी आमच्याकडे नारळीभात असतो, मार्च असला तरी.

सहाच्या सुमाराला तुर्कीनो नावाचा घाट येतो, साधारण निम्म्या वाटेवर. उंची ५३२ मीटर. वर छोटा बोगदा, त्यातून बाहेर पडलं की उतार आणि खाली समुद्र. पूर्वी शर्यत इथे फुटायची. १९१० साली ह्या घाटावर एवढं बर्फ होतं की युजेन क्रिस्तोफ वाटेत एका खानावळीत अंग शेकून पुढे निघाला आणि तरीही जिंकला, बारा तासांहून जास्त वेळ घेऊन. शेवटपर्यंत पोचलेले बोटांवर मोजण्याइतके. आता रस्ते चांगले, सायकली हलक्या, तुर्कीनोवर कुणाला काही होत नाही. पण समुद्र दिसतो तो क्षण चुकवू नका. मार्चमध्ये ठाण्यात घामाच्या धारा लागलेल्या असतात, आणि तिथे निळंशार पाणी आणि जाकीट काढून गाडीत देणारी माणसं.

पावणेआठपर्यंत जेवण उरकून घ्या. हा नियम मोडू नका. आठच्या पुढे गॅसवर काही ठेवायचं नाही, आणि ओटा उद्या सकाळी. आमच्याकडे ह्यांना पोळी गरम लागते. त्या एका रात्री त्या दुपारच्याच असतात. पुढच्या दीड तासात हातात वाटी चालेल, ताट नको. भडंग उत्तम. कांदा चिरलेला आयत्या वेळी घाला, म्हणजे मऊ पडत नाही.

इथून पुढे भिंतीवरचं घड्याळ सोडून पडद्याच्या कोपऱ्यातल्या आकड्यावर लक्ष ठेवा. किती किलोमीटर उरले ते तिथे दिसतं, आणि वारा कसाही असो, शर्यत त्या आकड्यावरच चालते. पन्नासच्या आसपास समुद्रात घुसलेल्या तीन भूशिरांवरचे छोटे चढ येतात: कापो मेले, कापो चेर्वो, कापो बेर्ता. इथे पुढच्यांकडे बघू नका, घोळक्याचं तोंड बघा. एकाएकी सगळे संघ रांगा करून पुढे घुसायला लागतात, कोपर कोपराला घासतं, आणि अजून चढ तर लांब आहे. का?

ठाण्याच्या बायकांना हे समजवावं लागत नाही. फास्ट लोकलमध्ये घाटकोपर सुटलं की ठाण्याला उतरणाऱ्या बायका सरकायला लागतात. "ठाणे? ठाणे?" करत एकेक पाऊल दाराकडे. खिडकीत आरामात बसून राहिलात, आणि मुलुंड गेल्यावर उठलात, तर थेट डोंबिवली. दार आहे पाच फुटांवर, पण मध्ये तीस बायका. तिथे ताकद चालत नाही, आधी सरकलेली असायला हवी. सत्तावीस किलोमीटर उरलेले असताना शर्यत चिप्रेस्सा नावाच्या चढाला वळते, ५.६ किलोमीटरचा, १९८२ पासून मार्गात घातलेला. रस्ता एकदम अरुंद होतो. वळताना जो शंभरावा असेल तो वर पोचेपर्यंत शंभरावाच राहतो, पाय कितीही ताजे असोत. म्हणून दारासाठीची ही झुंबड चढाच्या आधी. तुमचा आवडता गडी ह्या वळणावर पहिल्या वीसात दिसला नाही, तर मनातल्या मनात दुसरा निवडून ठेवा.

दुसरी गोष्ट मागे राहण्याची. दुसऱ्याच्या मागे चालवली की वारा तो खातो आणि आपले कष्ट साधारण एक तृतीयांशाने वाचतात. दादरच्या जिन्यावर मी बरीच वर्षं एका उंच, दणकट बाईच्या पाठीमागून चढायचे. ती गर्दी फोडायची, मी आयती वर. तिचं नावही मला माहीत नाही. पण चढ जसा तीव्र होतो आणि वेग कमी होतो, तसा हा फायदा आटत जातो. म्हणून हल्ला करायचा तर चढावर, सपाटीवर केला तर मागचे फुकट चिकटतात. चिप्रेस्साचा चढ बराचसा सौम्य आहे, वेग फार, त्यामुळे तिथून सुटून जिंकणं दुर्मीळ. १९९६ नंतर कित्येक वर्षं तिथला हल्ला शेवटपर्यंत टिकला नव्हता. २०२५ ला तादेय पोगाचारने तिथेच सुरुंग लावला आणि त्याच्यामागे टिकले फक्त दोघे, माथ्यू व्हान डर पूल आणि फिलिप्पो गान्ना. मी वाटी खाली ठेवली ती शेवटपर्यंत उचलली नाही.

चिप्रेस्सा उतरल्यावर किनाऱ्याचा सपाट रस्ता काही किलोमीटर. पाणी प्यायचं असेल, सासूबाईंची गोळी द्यायची असेल, तर ती आत्ता. फोन उलटा करून ठेवा. घरच्या ग्रुपवर मुलगा असतो, त्याच्याकडे चित्र आपल्यापेक्षा अर्धा मिनिट आधी येतं, आणि त्याला राहवत नाही.

आणि एक: फोन पूर्ण चार्ज करून, त्यात डेटा ठेवून बसा. २०१८ ला शर्यत पाडव्याच्या आदल्या दिवशी होती. दुसऱ्या दिवशी पहाटे कोपिनेश्वरच्या स्वागतयात्रेला जायचं म्हणून नऊवारीला इस्त्री करून ठेवलेली, गुढीचा कलश घासलेला, सगळं वेळेत. पोज्जोच्या पायथ्याशी वीज गेली. टीव्ही गेला, वायफाय गेलं, फोनवर चार टक्के. मेणबत्ती शोधेपर्यंत फोन वाजला आणि मुलगा नुसता ओरडत होता, "आई, निबाली गेला! निबाली एकटा गेला!" व्हिंचेंझो निबालीने पोज्जोवर सगळ्यांना सोडलं आणि मागून सुसाट येणाऱ्या घोळक्याला अगदी थोडक्यात चकवून तो पहिला आला. सात तास मी पाहिलं, आणि जी मिनिटं मोजायची तीच अंधारात. नंतर मी ते कितीदा तरी पाहिलंय. पण निकाल माहीत असलेली शर्यत म्हणजे दुसऱ्या दिवशीचं वडं.

तर पोज्जो. नऊ किलोमीटर उरलेले असतात. मोठा रस्ता सोडून उजवीकडे वळतात, दोन्ही अंगांना फुलांची काचघरं, कारण तो सगळा किनाराच फुलांच्या शेतीचा आहे. हा चढ १९६० पासून आहे. सगळे एकगठ्ठा येऊन शेवटी नुसती धावाधाव होत होती म्हणून घातला. चांगले लोक सहा मिनिटांच्या आत चढतात. माथ्याजवळचा शेवटचा तीव्र तुकडा आला की उठून उभं राहिलात तरी चालेल, आमच्याकडे सगळेच राहतात. २०२३ ला व्हान डर पूल तिथूनच सुटला. त्याचे आजोबा रेमों पुलिदोर ही शर्यत १९६१ ला जिंकले होते. सासूबाईंना शर्यतीतलं बाकी काही लक्षात राहत नाही, हे राहतं.

माथ्यावर एक टेलिफोनचं खोकं आहे, तिथून डावीकडे उतार. इथे बरेच जण श्वास सोडतात आणि शर्यत संपली समजतात. थांबा. १९९२ ला मोरेनो आर्जेंतिन माथ्यावर एकटा पुढे होता. मागून शॉन केली त्या वळणावळणाच्या उतारावर असा काही सुटला की खाली पोचेपर्यंत त्याने आर्जेंतिनला गाठलं आणि शेवटी हरवलं. २०२२ ला मातेय मोहोरिच सीटची दांडी खाली करता येणारी सायकल घेऊन आला, उतारावर बूड खाली नेऊन इतरांपेक्षा वेगाने वळणं घेतली आणि जिंकला. दोनदा पडता पडता वाचला, ते बघताना माझा हात आपोआप देवाकडे गेला.

उतार संपला की दोन किलोमीटर सपाट आणि मग व्हिया रोमा, गावातला साधा बाजाराचा रस्ता. राम मारुती रोडवर निकाल लागावा तसं. एकटा असेल तर त्याच्या मागचं अंतर बघा, दहा सेकंदांच्या खाली आलं की धोका. तिघे-चौघे असतील तर जो सगळ्यात आधी निघतो तो बहुधा हरतो, वारा त्याला खावा लागतो. २०२५ ला ते तिघे असेच आले. व्हान डर पूल जिंकला, गान्ना दुसरा, आणि एवढा सुरुंग लावणारा पोगाचार तिसरा. आणि रेघ पार होईपर्यंत कुणाचं अभिनंदन करू नका, स्वतःचंही. एरिक झाबेल ही शर्यत चारदा जिंकलेला माणूस. २००४ ला पाचव्यांदा जिंकलो समजून त्याने रेघेआधीच दोन्ही हात वर केले, आणि शेजारून ऑस्कर फ्रेइरेने चाक पुढे सरकवलं. एडी मर्क्सचा सात विजयांचा विक्रम मोडायची झाबेलची वाट तिथेच अडली.

त्याच दिवशी बायकांची शर्यतही असते. बरीच वर्षं बंद होती, २०२५ ला पुन्हा सुरू झाली, जेनोवाहून १५६ किलोमीटर, पण चिप्रेस्सा आणि पोज्जो तेच. लोरेना वीबेस जिंकली. पुरुषांच्या शर्यतीएवढी मेहनत घेऊन तीही शोधून ठेवा. मी आता दोन्ही बघते, आणि मिरच्या शुक्रवारीच निवडते.

शेवटी टीव्ही लगेच बंद करू नका. विजेता फुलं घेत असतो तेव्हा मागून ते घरगडी येत असतात, पाच मिनिटांनी, दहा मिनिटांनी, तोंडावर मीठ वाळलेलं, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून. सासूबाई चश्मा पुसून दर वर्षी तेच विचारतात, "आता हे परत कसे जाणार गं? सायकलनेच?"

"नाही हो आई, बसने."

"मग बरं," म्हणतात, आणि झोपायला जातात.